इलेक्ट्रिक मोटार घ्यावी की नाही, हे पार्किंगमध्ये उभे राहून कसे ठरवावे

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असे कोणी विचारले की मी आधी त्याची गाडी रात्री कुठे उभी असते ते विचारतो. एका चार्जमध्ये ती किती धावते, हा पुढचा प्रश्न. गेल्या पाच वर्षांत पुण्यातल्या सोसायटीत राहून स्वतःसाठी, मेहुण्यासाठी आणि बऱ्याच शेजाऱ्यांसाठी मी हा हिशेब मांडला आहे आणि त्यांतल्या तिघांना सरळ ‘घेऊ नका’ म्हणून सांगितले आहे. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने केवळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर हा व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी सोपी आहे : महिनाभर गाडीचे किलोमीटर लिहून ठेवावेत. अंदाज नको, तो नेहमी जास्तच निघतो.

दुसरी पायरी खर्चाची. ‘विजेवर किलोमीटरला एक रुपया’ हे शोरूममधले वाक्य ऐकून सोडून द्यावे. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात आणि गाडीचे युनिट घरच्या वापरावर येऊन बसतात. म्हणून बिलाची सरासरी न काढता गाडी ज्या टप्प्यात जाईल त्या टप्प्याचा दर घ्यावा आणि त्यात वहन आकार (वीज वाहून आणण्याचे दर युनिटामागचे पैसे) व 16 टक्के वीज शुल्क मिळवावे. घरात 250 युनिट जळत असतील आणि महिन्याला 1000 किलोमीटर धावायचे असेल, तर साधारण 167 युनिटांची भर पडते आणि त्यांतले 117 युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात. सोयीसाठी सगळेच युनिट 18 रुपयांनी धरले आणि भिंतीतून घेतलेल्या एका युनिटावर 6 किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरला 3 रुपये पडतात. पेट्रोल 104 रुपये आणि शहरातले ॲव्हरेज 13 धरले, तर तिथे 8 रुपये लागतात. वाचतात ते 5 रुपये. दोन गाड्यांच्या किमतीत 4 लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला 80,000 किलोमीटर लागतील. महिन्याला 1500 किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी साडेचार वर्षे पुरतात. रविवारी मंडईत आणि वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याची तोवर गाडी बदलण्याची वेळ येते.

तिसरी पायरी पल्ल्याची. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. 2020 मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर होता. प्रत्यक्षात 200 च्या आसपास मिळाला तरी लोक समाधानी असत. जाहीर आकड्याचा दोनतृतीयांश धरावा आणि पुढे जावे.

आता चौथी पायरी, जिच्यात मी स्वतः तीन महिने अडकलो होतो : पार्किंगमधला चार्जिंग पॉइंट. ‘साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट पुरतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. घरातला गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी त्याच सॉकेटमधून तेवढाच, किंबहुना जास्त प्रवाह सलग आठ-दहा तास ओढत राहते. माझे मीटर इमारतीच्या एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला, मध्ये 60 मीटरचे अंतर. वायरमनने ‘साहेब, एवढी बास होते’ म्हणत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली. जाऊन-येऊन 120 मीटर वायर, 15 अँपिअर प्रवाह. तेवढ्यातच सुमारे 13 व्होल्ट गळत होते आणि 200 वॉट नुसते वायर तापवण्यात जात होते. संध्याकाळी इमारतीचा व्होल्टेज आधीच उतरलेला असे, त्यामुळे चार्जिंग मध्येच थांबे. अकराव्या दिवशी सकाळी प्लग काढायला गेलो, तर त्याची एक पिन तपकिरी झाली होती आणि सॉकेटचे प्लास्टिक तिच्याभोवती मऊ पडून चिकटले होते. 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर ही गळती साडेपाच व्होल्टांवर आली. म्हणून अंतर 20-25 मीटरच्या पुढे असेल, तर याहून बारीक वायर घेऊ नये, मध्ये कुठेही जोड देऊ नये, आणि पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) व 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज पत्र्यातून किंवा अंगातून जमिनीत जाऊ लागताच पुरवठा तोडणारी) लावावी.

दुसरी अडचण अर्थिंगची, आणि ती पहिलीपेक्षा घातक आहे. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक गाड्यांचा चार्जर लाल दिवा लावून नकार देतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजावा. तो दोन-तीन व्होल्टांच्या आसपास असावा. माझ्याकडे 20 च्या वर होता. अशा वेळी काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. दिवा हिरवा होतो आणि सगळे खूश होतात. हे कोणालाही करू देऊ नये. उद्या न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरेल. मी जमिनीत नवीन अर्थिंगचा खड्डा करून घेतला.

तिसरी अडचण सोसायटीच्या कमिटीच्या परवानगीची. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते; त्या तत्त्वांची प्रत, वायरच्या मार्गाचा कागदावरचा नकाशा आणि सर्व खर्च माझा, असे लेखी पत्र एकत्र द्यावे. ‘आग लागली तर?’ या प्रश्नावर वाद घालू नये, आरसीसीबी दाखवावी. (आमच्याकडे हा प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची स्कूटर खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर चार्ज होत असे.) सोसायटीच्या सामाईक मीटरवर सब-मीटर लावून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, दर महिन्याला युनिटाचा दर कोणता धरायचा, यावरून सभा रंगते. आपल्या मीटरवरून वायर आणावी आणि बिलावरचा मंजूर भार (एका वेळी किती किलोवॉट घेता येतात ती मर्यादा) कमी असेल, तर तो आधी वाढवून घ्यावा. वापर फार असेल, तर महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळा, टप्पे नसलेला दर आहे. त्या जोडणीचाही हिशेब मांडून पाहावा.

पाचवी पायरी सवलतींची. जीएसटी 5 टक्के आहे. कर्जाच्या व्याजावरील कलम 80 ईईबीची वजावट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे; कोणी ती अजून सांगत असेल, तर त्याचे बाकीचे आकडेही तपासावेत.

शेवटी, बुकिंगचे पैसे देण्याआधी शोरूमची डेमो गाडी संध्याकाळी आपल्या पार्किंगमध्ये मागवावी आणि आपल्या पॉइंटवर दोन तास लावून ठेवावी. मग प्लग काढून त्याच्या पिनांवर बोट ठेवावे. कोमट लागल्या तर बुकिंगचा चेक फाडून द्यावा. चटका बसला तर वायरमनला परत बोलवावे.