वजनाच्या ऑपरेशननंतरचा त्रास आणि दुसरं ऑपरेशन: कोकणात राहणाऱ्यांसाठी

ऑपरेशन होतं मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात नाहीतर गोव्यात, आणि त्रास सुरू होतो देवगडला, गुहागरला, श्रीवर्धनला. सर्जन लांब, मध्ये घाट, त्यात पाऊस. म्हणून इथल्या पेशंटला तीन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात: कोणता त्रास आज रात्रीच निघायला लावणारा, कोणता औषधाने बरा होणारा आणि कोणता ताटातून आलेला. हे कळल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करू नये. वजन थोडं वाढलं की थेट रिव्हिजनची, म्हणजे दुरुस्तीच्या दुसऱ्या ऑपरेशनची, तारीख मागणारे असतात, आणि ज्यांना रिव्हिजन खरोखर हवी असते असे काही जण वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसतात.

आधी कागद

तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय? "पोट लहान केलंय" एवढ्या माहितीवर गावातला डॉक्टर काही करू शकत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढलेला असतो आणि उरते एक उभी नळी. बायपासमध्ये वरची छोटी पिशवी ठेवून ती आतड्याला जोडतात आणि खाली आतड्याचा दुसरा जोड देतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांब असते आणि जोड एकच. तिन्हींमध्ये होणारे बिघाड वेगळे, त्यामुळे उपायही वेगळे.

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. आतड्याचे किती सेंटीमीटर बाजूला ठेवले, आतड्याच्या पडद्यातल्या फटी शिवल्या की नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं. दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर पाठवा. वर एक पान जोडा: ऑपरेशनचं नाव व तारीख, चालू औषधं, सर्जनचा रात्री लागणारा नंबर आणि ठळक अक्षरांत तीन सूचना. वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये. नाकातून नळी अंदाजाने आत ढकलू नये. उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायामिन द्यावं.

ग्लुकोजची बाटली

ही तिसरी सूचना अनेकांना नवीन असते, म्हणून जरा थांबून सांगतो. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत सतत उलट्या होत असतील, खाणं पोटात ठरत नसेल, तर शरीरातलं थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, काही आठवड्यांत संपतं. पेशंट गळून गेलेला दिसतो. घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात आणि सलाईन लागतं. बाटलीवर 'डीएनएस' किंवा 'डी-५' लिहिलेलं असेल तर त्यात ग्लुकोज आहे. ग्लुकोज वापरायला शरीराला थायामिन लागतं. उरलंसुरलं तेही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. डोळे नीट फिरत नाहीत, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. वेळेत थायामिन मिळालं नाही तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं.

म्हणून बाटली लागण्याआधी डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा: "वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या चालू आहेत, आधी थायामिन शिरेतून द्या." अशा वेळी ते २०० ते ५०० मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात, किती आणि किती वेळा ते डॉक्टर ठरवतील. इंजेक्शन औषधाच्या साध्या दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून शहरातून घरी येतानाच सर्जनकडून चिठ्ठी लिहून घ्या आणि जवळच्या दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

कधी लगेच निघायचं

पहिल्या महिन्यात नाडी हा सगळ्यात खरा निरोप्या. स्वस्थ बसलेले असताना नाडी १०० च्या वर राहू लागली तर सर्जनला फोन. १२० च्या वर असेल आणि जोडीला पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, ताप, धाप यांतलं काहीही असेल तर पोटातली आतली शिवण गळत असण्याची शक्यता धरून निघायचं. सकाळची वाट पाहायची नाही. गळती असूनही सुरुवातीला पोट मऊ राहू शकतं आणि ताप नसू शकतो, त्यामुळे नुसतं पोट दाबून "काही नाही" म्हटलं तरी समाधान मानू नका.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ येणं ही त्याची लक्षणं. डिस्चार्जनंतर मुंबईहून मालवणपर्यंत गाडीत दहा तास पाय दुमडून बसणं म्हणजे या धोक्याला आमंत्रण. दर तास-सव्वा तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चाला, आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील तर घरी आल्यावर एकही चुकवू नका.

तिसरा प्रकार बायपासवाल्यांचा आणि तो एक-दोन वर्षांनी येतो, वजन उतरून सगळे कौतुक करत असताना. चरबी कमी झाल्यावर आतड्याच्या पडद्यातल्या फटी मोठ्या होतात आणि आतडं त्यात अडकतं. पोटाच्या वरच्या भागात पिळवटून कळ येते, पाठीत जाते, कधी आपोआप थांबते आणि जेवल्यावर पुन्हा येते. साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी बऱ्याचदा नॉर्मल येतात. म्हणून गॅस समजून ओवा-हिंग घेत बसू नका. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला सीटी स्कॅन लागतो, आणि तोही अनुभवी डोळ्यांनी बघावा लागतो. शंका राहिलीच तर पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने आत पाहणं (लॅपरोस्कोपी) हाच खात्रीचा मार्ग. गरोदर बाईला बायपासनंतर अशी कळ आली तर "पोटातलं बाळ दाबतंय" म्हणून सोडून देऊ नये.

निघायचं तर कुठे, हे ऑपरेशनआधीच ठरवा. सावंतवाडी-बांदा भागाला गोवा जवळ. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, अलिबाग-महाडहून मुंबई किंवा पुणे. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतात, म्हणून दुसरा रस्ताही लिहून ठेवा. १०८ ला फोन केल्यावर पहिल्याच वाक्यात ऑपरेशनचं नाव सांगा.

औषधाने, दुर्बिणीने सुटणारे त्रास

बायपासनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांनी घट्ट अन्न अडकायला लागलं, मग मऊ भातही उलटून पडायला लागला, तर जोड आखडला असेल. एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतून, फुगा घालून तो रुंद करतात. कधी दोन-तीन वेळा करावं लागतं, पण पोट उघडावं लागत नाही. स्लीव्हची नळी मधेच वळली किंवा आखडली तरी आधी फुग्याचाच प्रयत्न होतो.

जोडाजवळ अल्सर झाला की पोटाच्या खड्ड्यात जळतं आणि शौचाला डांबरासारखं काळं होतं. लोहाच्या गोळीनेही काळं होतं, पण चिकट, दुर्गंधी येणारं असेल तर रक्त समजा. कारणं ठरलेली: तंबाखू, वेदनाशामक गोळ्या, हेलिकोबॅक्टरचा जंतुसंसर्ग. विडी-सिगरेट तर बंदच, मिस्री आणि तंबाखूची चिमूटही बंद. गुडघेदुखीला पॅरासिटामॉल. ॲसिड कमी करणारी कॅप्सूल महिनोन् महिने घ्यावी लागते. बायपासवाल्यांनी ती उघडून आतले दाणे घ्यावेत का, हे डॉक्टरांना विचारा, अल्सर लवकर भरायला त्याची मदत होते.

स्लीव्हनंतर छातीत जळजळ आणि रात्री घशाशी आंबट येणं हे सर्रास दिसतं. जेवण झोपण्याआधी तीन तास उरका, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून वीतभर उचला. आमसुलाचं सार, सोलकढी, तिखट तिकलं काही दिवस बंद करून फरक बघा. जळजळ नसली तरी एका वर्षाने आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपी करावी. अन्ननलिकेचं अस्तर मुकाट्याने बदलत असतं, पेशंटला पत्ता नसतो. मिनी बायपासमध्ये हिरवं-पिवळं कडू पाणी वर येत असेल तर ते पित्त, त्यावर ॲसिडच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ आली तर सोनोग्राफी.

ताटातले त्रास

गणपतीत उकडीचा मोदक खाल्ला आणि अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. आमरसानेही हेच होतं. गूळ-साखर झपकन आतड्यात उतरते, म्हणून याला डंपिंग म्हणतात. तासा-तीन तासांनी हात थरथरून चक्कर येत असेल तर उशिराचं डंपिंग, म्हणजे साखर खाली गेलेली. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि सावरल्यावर एक अंडं किंवा थोडं पनीर. नुसती साखर खात राहिलात तर फेरा सुरूच राहतो. वारंवार होत असेल तर त्यावर औषध आहे, सर्जनला किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा.

प्रथिनं रोज ६० ते ८० ग्रॅम. आपल्या स्वयंपाकघरातून हे जमतं: दोन अंडी १२, साफ केलेला बांगडा १०० ग्रॅम म्हणजे साधारण १९, कुळथाचं पीठ ४० ग्रॅम म्हणजे ८-९, दूध २०० मिली म्हणजे ६. झाले ४५-४६. रात्री पुन्हा ८०-९० ग्रॅम मासळी किंवा प्रोटीन पावडरचा एक चमचा-माप, की साठ ओलांडले. घासाचा क्रम मासा आधी, भाजी मग, भात उरल्या जागेत. मासळी तळलेली नको, वाफवलेली किंवा पातळ कालवणातली. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, पण दिवसभरात घोट-घोट दीड लिटर व्हायलाच हवं. एप्रिल-मेच्या घामात त्याहून जास्त.

गोळ्या आयुष्यभराच्या. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५००-६०० च्या वर नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही. बी-१२ रोज तोंडाने किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. ड जीवनसत्त्व रक्ताच्या आकड्यावरून. पहिल्या वर्षात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दर वर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). तळपायाला मुंग्या येणं, केस मुठीने गळणं, पायावर सूज येणं, या तक्रारी "अशक्तपणा" म्हणून टॉनिकवर भागवू नका. गरोदरपण १२ ते १८ महिने पुढे ढकला. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी, दुसरा उपाय विचारा.

वजन परत चढतंय

सगळ्यात कमी वजन साधारण एक-दोन वर्षांत येतं. पुढे थोडं चढणं शरीराच्या स्वभावातच आहे, तो पराभव नव्हे आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. चढ थांबत नसेल तर दोन आठवडे खाल्लेलं सगळं वहीत लिहा, भाजलेले काजू, आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे, चहाबरोबरचं खारी-बिस्किट, संध्याकाळची माडी, सगळं. पातळ, भुरभुरीत, गोड पदार्थ लहान पोटातूनही सरकत राहतात. पेजेचंही तसंच: दोन वाट्या गेल्या तरी पोट भरत नाही आणि तासाभरात भूक. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम काजूत पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी असतात.

मग औषधं बघा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या वजन वाढवतात. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, उदासी, रात्री उठून खाणं हेही तपासा. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शनं ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनावरही वापरतात. मात्र त्यांनी मळमळ होऊन प्रथिनं आणखी कमी जाण्याची भीती असते, म्हणून परस्पर सुरू करू नयेत.

रिव्हिजन

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पहिल्यापेक्षा जोखीम जास्त. आत चिकटलेलं असतं, रक्तपुरवठा बदललेला असतो, गळतीची शक्यता वाढते. म्हणून कारण दिसलं पाहिजे: एंडोस्कोपी, बेरियम गिळून काढलेले फोटो, गरज असेल तर सीटी आणि २४ तासांची ॲसिड मोजणी. यांपैकी काहीच न करता तारीख देणाऱ्याकडून उठा आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

स्लीव्हनंतरची न हटणारी जळजळ किंवा आखडलेली नळी असेल तर बायपास हा उत्तम मार्ग. मात्र त्याने वजनही पुष्कळ उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. वजनासाठी स्लीव्हचं मिनी बायपास करतात, पण आधीच जळजळ असलेल्याला ते देणं आम्हाला पटत नाही. मिनी बायपासमधलं पित्त वर येत असेल तर नेहमीच्या बायपासमध्ये बदलतात. अल्ब्युमिन सतत खाली आणि पायावर सूज असेल तर बाजूला ठेवलेलं आतडं पुन्हा वापरात आणावं लागतं, हीसुद्धा रिव्हिजनच. बायपासमधल्या पिशवीच्या आणि आतड्याच्या जोडाची वाट सैल झाली असेल तर एंडोस्कोपीतून टाके घालून ती आवळता येते. आतडं आणखी लांब बायपास करण्याचा सल्ला मिळाला तर कुपोषणाचा धोका समजल्याशिवाय सही करू नका.

सर्जनला विचारा: वर्षाला किती रिव्हिजन करता? त्यांत गळती किती जणांना झाली? गावी गेल्यावर रात्री फोन कोण उचलेल? विम्यात ऑपरेशन बसायला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार, अशी अट असते. त्रासासाठी होणारी रिव्हिजन त्यात कशी धरतात ते कंपनीकडून लेखी घ्या.

तंबाखू किमान सहा आठवडे आधी बंद, लोह, बी-१२, अल्ब्युमिन जागेवर आलेले हवेत. तातडी नसेल तर तारीख जून ते सप्टेंबर सोडून घ्या आणि डिस्चार्जनंतर दोन आठवडे हॉस्पिटलच्या अर्ध्या तासाच्या अंतरावर नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन राहा. नाडी, ताप आणि दिवसाला किती पाणी गेलं याची वही त्या दोन आठवड्यांत रोज सकाळ-संध्याकाळ भरा, आणि घरी निघण्याच्या दिवशी ती सर्जनला दाखवूनच गाडीत बसा.