धाप, दम आणि दम्मु: सीमाभागात श्वासविकारांवर काम करायला येणाऱ्या नव्या सिस्टरांसाठी

एम.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासासाठी छातीच्या ओपीडीत फॉर्म भरून घेत होते, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. निपाणीकडच्या एक काकू समोर बसल्या होत्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या, स्वयंपाक चुलीवर. मी विचारलं, "आपणांस श्वसनाचा त्रास होतो का?" त्या म्हणाल्या, "नाही." "दमा आहे का?" "नाही बाई." मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. केसपेपरच्या खिडकीपासून माझ्या बाकापर्यंत येताना त्या दोनदा भिंतीला टेकल्या होत्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उठता उठता त्याच म्हणाल्या, "दमा न्हवं गं सिस्टर. चढावर जरा धाप लागत्या बघ, एवढंच."

माझ्या फॉर्मवर 'धाप' कुठेच नव्हती. इंग्रजी प्रश्नाचं मी घरी बसून शाळेतल्या मराठीत भाषांतर केलं होतं आणि तेच घेऊन खेड्यातल्या माणसांसमोर बसले होते. त्या आठवड्यातले सगळे फॉर्म बाजूला ठेवावे लागले. वाईट वाटलं, पण या क्षेत्रात मी जे काही शिकले त्याची सुरुवात तिथून झाली, म्हणून आधी तेच सांगते.

आपल्याकडे दमा हा नुसता आजार नाही. घरात दमेकरी आहे म्हटलं की पोरीचं लग्न ठरवताना चौकशी होते. त्यामुळे माणूस त्रास सांगतो, पण तो शब्द अंगाला लावून घेत नाही. कन्नडमधल्या 'दम्मु'चंही तेच. धाप, दम लागणं, श्वास कोंडणं, छातीत घरघर, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. 'कफ' म्हणजे कुणाला सर्दी वाटते, म्हणून "खोकल्यातून बेडका पडतो का, कसल्या रंगाचा?" असंच विचारा. एक वही करा आणि पेशंटने वापरलेला शब्द जसाच्या तसा तिच्यात उतरवा: मराठी, कन्नड, जमल्यास उर्दूही. खोकल्याला केम्मु आणि श्वासाला उसिरु म्हणतात एवढ्यावर कन्नड पेशंटचं बोलणं कळत नाही. त्याच्याशेजारी बसावं लागतं.

आता प्रश्नावल्यांबद्दल. धाप मोजायला एमएमआरसी नावाची शून्य ते चार अशी मोजपट्टी आहे. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं का, शंभर मीटरवर थांबावं लागतं का, असे त्यातले प्रश्न. कॅट नावाची दुसरी प्रश्नावली आठ प्रश्नांची, चाळीस गुणांची. तिच्यात टेकडी किंवा एक जिना चढण्याबद्दल विचारतात. खानापूरच्या जंगलपट्टीत कौलारू एकमजली घरात राहणाऱ्या आजीला जिना कुठला? तिला टेकडीवरून सांगावं लागतं. पण म्हणून छापील प्रश्नात मनाने बदल करायचा नाही. अधिकृत मराठी किंवा कन्नड आवृत्ती मिळवा, वापराची परवानगी घ्या, प्रश्न आहे तसा वाचा आणि पेशंट काय समजला ते शेजारी लिहून ठेवा. स्वतःची प्रश्नावली करत असाल तर दोघांकडून वेगवेगळं भाषांतर करून घ्या, ती दोन्ही जुळवा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत आणवा आणि मग चार-पाच पेशंटना विचारा, "या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं?" बरेच जण ही शेवटची पायरी गाळतात. माझी चूक नेमकी तिथेच सापडली असती.

संमतिपत्राबाबत सीमाभागाची एक खास अडचण आहे, ती पुस्तकात मिळत नाही. इथे बोलायची भाषा आणि वाचायची भाषा एकच असेल असं नाही. घरी मराठी बोलणारा पोरगा कन्नड शाळेत शिकलेला असतो आणि त्याची आई फक्त मराठी वाचते. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: घरी काय बोलता? वाचता काय? कागद वाचायच्या भाषेतला द्या, समजावून बोलायच्या भाषेत सांगा. अंगठा लावणाऱ्यांसाठी लिहिता-वाचता येणारा तटस्थ साक्षीदार हवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे, ती सुरुवातीलाच वाचून काढा. वॉर्डातल्या आयाबाईला साक्षीदार करू नका. ती आपल्याच बाजूची असते.

निदान डॉक्टर करतील, पण आकडा तुम्हाला समजलाच पाहिजे. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा आणि एकूण बाहेर टाकलेली हवा यांचं प्रमाण बघतात. श्वासनलिका मोकळी करणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं आणि ते प्रमाण ०.७० च्या खालीच राहिलं, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचा आजार, धरतात. त्या काकूंचं तसंच निघालं. विडी त्यांनी कधी ओढली नव्हती. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर नाकातोंडात गेला होता. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या वाळूत काम करणारे कामगारही छातीच्या ओपीडीत येतात. म्हणून "बिडी-सिगारेट ओढता का?" एवढ्या एका प्रश्नावर थांबू नका. काम काय केलं, किती वर्षं केलं, चूल घरात आहे की पडवीत, हे विचारा.

अभ्यासाच्या विषयाबद्दल माझं मत ठाम आहे. नर्सिंगच्या प्रबंधांत 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा ज्ञानावर परिणाम' हा साचा फार झाला. आधी परीक्षा, मग तक्ते दाखवून व्याख्यान, मग पुन्हा परीक्षा. मार्क वाढतातच, पण त्याने पेशंटच्या फुप्फुसात औषध पोचलं का ते कळत नाही. त्यापेक्षा पंप, म्हणजे इनहेलर, हा विषय घ्या. "पंप घेता का?" असं विचारलं की सगळे होय म्हणतात. "घेऊन दाखवा" म्हणा. कुणी हलवत नाही, कुणी आधी श्वास बाहेर सोडत नाही, कुणी दाबून झाल्यावर ओढतो, कुणी तोंडात दाबून नाकाने श्वास घेतो. फवाऱ्याच्या पंपाला हळू आणि लांब श्वास लागतो, कॅप्सूलच्या पावडरीला जोरात ओढावं लागतं, आणि दोन्हींत नंतर दहा सेकंद श्वास धरायचा. दोन प्रकारचे पंप एकाच माणसाला लिहून दिले की गोंधळ ठरलेला. स्टिरॉइडचा पंप असेल तर चूळ भरून थुंकायला सांगा. "पंपाची सवय लागते" ही भीती घरोघर आहे, तिच्यावर हसू नका. हे सगळं पायरीपायरीने तपासून पुन्हा महिन्याने तपासा. हाच उत्तम अभ्यास होतो.

सहा मिनिटांत पेशंट किती मीटर चालतो ते मोजायच्या चाचणीला तीस मीटर सपाट जागा लागते. ओपीडीच्या गर्दीत ती मिळत नाही. मी सकाळी साडेसहाला कॉरिडॉर मोजून खडूने खुणा करत असे. प्रत्येक मिनिटाला बोलायची वाक्यं ठरलेली असतात: "छान चाललंय, पाच मिनिटं राहिली." तेवढंच बोलायचं. "चला मामा, अजून जरा" असं तोंडावर येतं, पण एका पेशंटला उत्तेजन दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांच्या मीटरांची तुलना संपली.

कोविडच्या काळाबद्दल लिहायला अजून हात जड होतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पीपीई किटच्या आत घाम पायापर्यंत यायचा, चष्म्यावर वाफ धरायची, आणि पेशंटला फक्त आपले डोळे दिसायचे. "पालथं झोपा", "बोरलु मलग्री", दिवसभर हेच. खूप जण पालथे झोपले, ऑक्सिजन वाढलेला आम्ही बघितला. नंतर कुणीतरी विचारलं की आपल्या वॉर्डात पेशंट सरासरी किती वेळ पालथे राहू शकले? आम्हाला उत्तर देता आलं नाही. 'प्रोन दिलं', म्हणजे पालथं झोपवलं, असं प्रत्येक चार्टवर होतं. कधी दिलं आणि कधी उठवलं, ते कुणी लिहिलं नव्हतं. आतले कागद बाहेर नेता येत नव्हते, ते काचेतून वाचून दाखवायचे, त्यात वेळेचा रकाना गळून पडला. त्याच महामारीत ब्रिटनच्या रिकव्हरी अभ्यासाने जून २०२० मध्ये सांगितलं की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ६ मिलिग्रॅम दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा होत नाही. त्यांचे फॉर्म मुद्दाम छोटे ठेवले होते, कामाच्या गर्दीतही भरता येतील असे. म्हणून सांगते, धावपळीतही दोन वेळा लिहाच: सुरू कधी, बंद कधी. ऑक्सिजनचंही तसंच. सीओपीडीच्या रुग्णाला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. फ्लो कुणी, कधी, का वाढवला हे नोंदलं नाही, तर पुढच्या शिफ्टची सिस्टर अंधारात राहते.

'संशोधन डॉक्टरांचं काम, आपण सलाइन लावायचं' असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. त्यांना बेळगाव जिल्ह्याचंच उदाहरण द्या. इथल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास झाला आणि २००६ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव नुसती दिसायला सारखी गोळी दिलेल्यांत १२ टक्के होता, खरी गोळी दिलेल्यांत ६.४ टक्के. घरी, उपकेंद्रात ते काम केलं होतं एएनएम, म्हणजे गावपातळीवर बाळंतपणं करणाऱ्या, सिस्टरांनी.

शिक्षणाची वाट थोडक्यात. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षं, मग एम.एस्सी. दोन वर्षं, पुढे पीएच.डी. त्यासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचं राष्ट्रीय कन्सोर्टियम आहे, राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबरचं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा संशोधनाच्या प्राथमिक तत्त्वांवरचा ऑनलाइन कोर्स ड्युटी सांभाळून करता येतो. इंग्रजी कच्चं म्हणून मागे राहू नका. मराठी शाळेतून आलेल्या मलाही पहिले सहा महिने डिक्शनरी उशाशी लागली.

राहिला फॉलो-अप, आणि सीमाभागात अभ्यास अर्धवट सुटतात ते इथेच. चंदगडचा पेशंट बेळगावला येतो, निपाणीचा कोल्हापूर-मिरजेला जातो, आणि दोन्हीकडच्या फाईली एकमेकींना ओळखत नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागू लागला, तेव्हा कोगनोळी नाक्यापलीकडचे माझे पेशंट एकाएकी दिसेनासे झाले. तेव्हापासून मी फोन नंबर दोन घेते, एक घरचा आणि एक शेजाऱ्याचा किंवा गावातल्या आशाताईंचा. तारीख देताना रोप लावणीचे दिवस, उसाची तोड आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा आधी विचारते. निपाणीच्या काकूंनी स्वतःच सांगितलं होतं, "जत्रेच्या आधी नको, मागनं येते." त्या आल्या, पंप पिशवीतून काढून न विचारता घेऊन दाखवला, आणि दहा सेकंद बोटांवर मोजले.