व्हेनिसमध्ये गर्दी टाळायची असेल तर पिवळ्या पाट्यांकडे पाठ फिरवा

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनातून निघालेली जवळजवळ सगळी गर्दी भिंतींवरच्या ‘रियाल्तो’ (प्रसिद्ध पूल) आणि ‘सान मार्को’ (मुख्य चौक) या पिवळ्या पाट्यांमागे जाते आणि अरुंद गल्ल्यांत अडकते. जुनं, पाण्याकाठचं निवांत शहर बघायचं असेल तर त्या पाट्यांचा माग सोडा.

१. स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे चालत राहा. गुल्ये पूल ओलांडला की लगेच डावीकडे, कालव्याच्या काठाने.

२. थोडं पुढे उजव्या हाताला घरांखालून जाणारा एक बुटका बोळ आहे, तो सहज नजरेतून सुटतो. त्यातून आत शिरलं की १५१६ साली वसवलेला ज्यूंचा घेट्टो, म्हणजे त्यांना सक्तीने नेमून दिलेली वस्ती. जागा कमी म्हणून मजले चढवत नेलेले, त्यामुळे इथली घरं शेजारच्यांपेक्षा उंच आणि छत मात्र ठेंगणं. खिडक्यांच्या रांगा बघाच.

३. घेट्टोच्या मुख्य चौकातल्या उत्तरेकडच्या पुलावरून पलीकडे जा. इथून पुढे लांबच लांब समांतर कालवे लागतात; कुठलाही काठ धरा. मला सेन्सा कालव्याचा आवडतो.

४. शेवट मादोन्ना देल्लोर्तो चर्चपाशी करा. चित्रकार तिंतोरेत्तोची समाधी इथेच आहे आणि त्याची प्रचंड चित्रंही. परतीसाठी जलबसचा थांबा मागेच आहे.

पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर फोटोसाठी जाऊ नका. खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं, पाय हमखास सटकतो.