नोकरी शोधताना करिअर कोचकडून नीट काम कसं करून घ्यायचं

कोच आपल्याला नोकरी लावून देणार, हे आधी डोक्यातून काढून टाका. ते त्याचं कामच नाहीये. मीसुद्धा पहिल्या सेशनला तसंच समजून गेले होते, वाटलं यांच्या ओळखी असतील, दोन-चार ठिकाणी शब्द टाकतील, आणि त्या नादात पहिला अर्धा तास नुसता हो-हो करण्यात गेला. कोच करतो काय तर तुम्ही ज्या पद्धतीने नोकरी शोधताय ती पद्धत तुमच्यासोबत बसून तपासतो, बोलायचा सराव करून घेतो, आणि जिथे तुम्ही स्वतःचीच समजूत घालताय तिथे थांबवतो. बाकी अर्ज, फोन, इंटरव्ह्यू सगळं आपलं आपल्यालाच करायचं असतं.

रिक्रूटर आणि कोच यांच्यात पण लोकांचा खूप गोंधळ होतो. रिक्रूटरला पैसे कंपनी देते म्हणून तो कंपनीसाठी माणूस शोधतो, तुमच्यासाठी नोकरी नाही. कोचला पैसे तुम्ही देता म्हणून तो तुमच्या बाजूने बसतो. आणि तिसरा एक प्रकार असतो जो "इतके भरा, नोकरी पक्की" असं सांगतो, त्याच्या वाटेला जाऊच नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार आहे, त्याच्या ७ व्या कलमात सरळ लिहिलंय की नोकरी मिळवून देणाऱ्या खाजगी एजन्सींनी कामगारांकडून थेट किंवा आडवळणाने फी घेऊ नये. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही आणि त्यात अपवादही आहेत, पण रीत काय असावी ते त्यातून कळतं. कोच त्याच्या वेळेचे आणि शिकवण्याचे पैसे घेतो, नोकरीचे नाही. हा फरक पैसे देण्याआधी लक्षात घ्या.

आता कोच शोधायच्या आधी एक काम करा, आणि हे खरंच करा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. एक साधी शीट उघडा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत जिथे जिथे अर्ज केलाय ते सगळं लिहून काढा. तारीख, पद, जाहिरात दिसली की कोणाच्या ओळखीने गेलात, उत्तर आलं का, आणि गाडी कुठे अडली. हे लिहायला जीवावर येतं, नकार परत परत बघावे लागतात, पण या शीटवरून तुमची अडचण नेमकी कुठली ते दिसतं. भरपूर अर्ज करून एकही फोन नाही, तर गडबड रेझ्युमेत आहे किंवा तुम्ही भलत्याच पदांसाठी अर्ज करताय. फोन येतात पण पहिल्या राउंडनंतर शांतता, तर तुम्ही स्वतःबद्दल जे सांगताय ते समोरच्याला पटत नाहीये. शेवटच्या राउंडला जाऊन परत येताय, तर तुम्ही चांगले आहात पण काहीतरी छोटं राहतंय, आणि तिथे कोचचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. आणि कुठल्या क्षेत्रात जायचं तेच कळत नसेल तर तो वेगळाच प्रश्न आहे, त्यासाठी कोचही तसाच बघावा लागतो. एक मात्र मनापासून सांगते, झोप उडालीये, सकाळी उठावंसं वाटत नाही, सारखं रडू येतंय असं असेल तर आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. कोच हा त्याला पर्याय नाही, आणि चांगला कोच स्वतःच तुम्हाला तसं सांगेल.

कोच निवडताना सावध राहायचं कारण असं की हा धंदा बऱ्याच ठिकाणी कायद्याने बांधलेला नाही, उद्यापासून कोणीही स्वतःला कोच म्हणवू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची संस्था १९९५ पासून आहे, ती तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते, एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. एसीसीला किमान १०० तास कोचिंग केल्याचा अनुभव लागतो, पीसीसीला ५००, एमसीसीला २५००. म्हणजे माणूस किती मुरलेला आहे याचा अंदाज येतो. पण हे प्रमाणपत्र कोचिंग येतं एवढंच सांगतं, तुमच्या क्षेत्रात माणसं कशी घेतात ते त्याला माहितीये का, हे नाही सांगत. म्हणून सरळ विचारा, तुम्ही स्वतः कधी माणसं निवडलीत का, माझ्यासारख्या किती जणांसोबत काम केलंय, एका सेशनमध्ये नेमकं काय होतं, मध्येच थांबवलं तर पैशांचं काय. पहिलं बोलणं बरेच जण फुकट करतात, त्यात एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा, जास्त बोलतंय कोण. अर्ध्या तासात पंचवीस मिनिटं तोच स्वतःच्या यशोगाथा सांगत असेल तर पुढच्या सेशनमध्येही तेच होणार. दोन-तीन जणांशी बोला, आणि सुरुवातीलाच मोठं पॅकेज घेऊ नका, एक सेशन घ्या, जमतंय वाटलं तर पुढचे तीन-चार. "आजच्या आज भरा, उद्या भाव वाढेल" असं म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार.

ठरलं की पहिल्या सेशनच्या दोन दिवस आधी कोचला सामान पाठवून द्या. रेझ्युमे, ती शीट, आणि तुम्हाला खरोखर हव्या असलेल्या तीन नोकऱ्यांच्या जाहिराती. तीनच. वीस पाठवल्यात तर ठरलेलं काहीच नाही हे दिसतं. नाहीतर होतं काय की सेशनमधला निम्मा वेळ तुमचा इतिहास ऐकण्यात जातो आणि तो वेळ तुम्ही विकत घेतलेला असतो. आणि खरं बोला. कामावरून काढलं असेल तर काढलं म्हणा, मध्ये दीड वर्षाचा गॅप आहे तर का आहे ते सांगा, घरी कोणी आजारी आहे म्हणून दुसऱ्या शहरात जाता येत नाही हेही सांगा. कोचपासून लपवलेली गोष्ट इंटरव्ह्यूत नेमकी वर येते आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार नसतं. हां, कोच जर तुमच्या जुन्या कंपनीने दिलेला असेल, कपात करताना काही कंपन्या देतात तसा, तर इथलं बोलणं कंपनीपर्यंत जातं का एवढं आधी विचारून घ्या.

माझ्या बाबतीत खरी गाडी कुठे फिरली ते सांगते. दुसऱ्या सेशनला कोच म्हणाल्या, तुम्ही केलेलं एखादं चांगलं काम सांगा. मी सांगायला लागले, आम्ही ग्राहकांच्या तक्रारींची सिस्टिम बदलली, आम्ही वेळ कमी केला, आमच्या टीमने खूप मेहनत घेतली. त्यांनी थांबवलं. "आम्ही म्हणजे कोण?" मी म्हणाले, टीम. "बरं, टीमचं राहू दे. पहिल्या दिवशी सकाळी ऑफिसला आल्यावर तुम्ही काय केलंत?" मी जरा गप्प झाले आणि मग आठवलं की मी तीन महिन्यांच्या तक्रारींचे प्रिंटआउट काढून मीटिंग रूमच्या जमिनीवर पसरले होते, तीन रंगांचे हायलायटर घेऊन बसले होते, आणि दुपारपर्यंत लक्षात आलं होतं की निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत, बिलावरची तारीख लोकांना कळत नाही. त्यांनी माझा रेझ्युमे उचलला आणि विचारलं, "हे यात कुठे आहे?" कुठेच नव्हतं. तिथे लिहिलं होतं, टीमसोबत ग्राहक तक्रारी हाताळल्या.

आपल्याकडे बऱ्याच जणांना "मी केलं" म्हणायला संकोच वाटतो, त्यात मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं, मलाही वाटतं. पण इंटरव्ह्यू घेणाऱ्याला टीमला नोकरी द्यायची नसते, तुम्हाला द्यायची असते, आणि तुम्ही काय केलं ते तुम्ही सांगितलं नाही तर त्याला कळायला दुसरा मार्ग नाही. तेव्हा कोचसोबत बसून अशा सहा-सात गोष्टी तयार करा. स्टार नावाची पद्धत बऱ्याच जणांना माहिती असते, आधी परिस्थिती, मग तुमच्यावर काय जबाबदारी होती, मग तुम्ही काय केलं, मग निकाल काय लागला. बहुतेक लोक परिस्थिती सांगण्यातच दोन मिनिटं घालवतात आणि स्वतः काय केलं ते एका वाक्यात उरकतात, ते बरोब्बर उलटं करा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं अवघड जातं पण एकदा ऐकलंत की कुठे रेंगाळताय, कुठे आवाज पडतो ते कोचने सांगायची गरजच राहत नाही. गोष्टींमध्ये एक फसलेल्या कामाची पण ठेवा, तो प्रश्न येतोच.

रेझ्युमे कोचकडून लिहून घेऊ नका. बरेच जण पैसे जास्त देऊन हे करून घेतात, कागद सुंदर होतो, आणि मग इंटरव्ह्यूत त्यातल्याच एखाद्या वाक्यावर प्रश्न आला की अडखळतात, कारण ते वाक्य त्यांचं नसतंच. वाक्य तुम्ही लिहा, खोडायचं काम कोचला द्या. माझं ते तक्रारींचं वाक्य आम्ही चार वेळा खोडलं, शेवटी झालं असं, "तीन महिन्यांच्या तक्रारींची वर्गवारी करून मुख्य कारण शोधलं, बिलाचा नमुना बदलून घेतला." शब्द फार वाढले नाहीत पण आता त्यात माणूस दिसतो. आणि कंपन्यांची सॉफ्टवेअरं रेझ्युमे आधी वाचतात म्हणून दोन-दोन कॉलम, टेबलं, चित्रं टाळा. तपासायला सोपा उपाय, सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथे क्रम विस्कटला तर सॉफ्टवेअरलाही तो तसाच दिसण्याची भीती आहे. लिंक्डइनच्या हेडलाइनला, म्हणजे नावाखालच्या ओळीला, २२० अक्षरं मिळतात, त्यात नुसतं "नवीन संधीच्या शोधात" लिहून जागा वाया घालवू नका, काय काम येतं ते लिहा.

ओळखीपाळखीच्या लोकांशी बोलायचं काम सगळे पुढे ढकलतात. लाज वाटते, मागायला गेल्यासारखं वाटतं. पण यावर जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांच्यात जवळच्या, नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले फारच थोडे होते, बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटींच्या आसपास लोकांच्या माहितीवर मोठा अभ्यास झाला, त्यातही तसंच काहीसं निघालं, अगदी घट्ट नात्यापेक्षा जरा लांबची ओळख नोकरीला जास्त कामी येते. कारण सरळ आहे, जवळच्या माणसाला जे माहिती असतं ते तुम्हालाही माहिती असतंच. तर सेशनमध्येच कोचसमोर बसून पाच मेसेज लिहा आणि तिथेच पाठवा, घरी जाऊन पाठवते म्हटलं की राहतं. नोकरी मागू नका, माहिती विचारा. "तुमच्याकडे हे काम कसं चालतं ते पंधरा मिनिटं समजून घ्यायचं होतं, या आठवड्यात कधी फोन केला तर चालेल?" एवढंच. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा परत विचारा, त्यानंतर सोडून द्या.

दोन सेशनच्या मधले दिवसच खरं काम करतात. दिलेलं काम झालं नसेल तर सेशन रद्द करू नका, तसंच जा आणि का झालं नाही ते सांगा, बऱ्याचदा त्या "का"मध्येच सगळं असतं. इंटरव्ह्यू झाला की अर्ध्या तासात, बसमध्ये बसून का होईना, विचारलेले सगळे प्रश्न मोबाइलवर टाइप करा, रात्रीपर्यंत निम्मे विसरायला होतं. आणि कोचचं पटलं नाही तर बोला. मला एकदा सांगितलं होतं की पगाराचा आकडा आपण आधी सांगूच नये, मला ते माझ्या क्षेत्रात जमणारं वाटलं नाही, मी तसं म्हणाले, मग आम्ही दोन्ही बाजूंनी सराव केला. पगाराचं बोलणं मनात घोकून उपयोग नाही, मोठ्याने बोलूनच बघायला लागतं, आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसायचा सराव तर वेगळा करायला लागतो कारण आपण लगेच "पण कमी-जास्त चालेल" म्हणून मोकळे होतो.

तीन-चार सेशननंतर शीट परत उघडा. फोन वाढलेत का, एक राउंड पुढे जाताय का? नोकरी मिळाली नसली तरी अडण्याची जागा बदलली असेल तर काम बरोबर चाललंय. काहीच हललं नसेल आणि कोच "पॉझिटिव्ह राहा" एवढंच म्हणत असेल तर नम्रपणे थांबवा, उरलेल्या पैशांचं विचारा, दुसरा बघा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

ऑफर आली की शेवटचं एक सेशन राखून ठेवलेलं बरं. ऑफर लेटर सोबत घेऊन बसा, पगारातला पक्का भाग किती, कामगिरीवर अवलंबून किती, नोटीस पिरियड किती, प्रोबेशन किती महिन्यांचं, सगळं एकेक ओळ वाचून काढा. जुन्या ठिकाणी राजीनामा लेखी ऑफर हातात आल्यावरच द्या, तोंडी "झालंच समजा" यावर नाही. आणि पहिल्या तीन महिन्यांत कोणाकोणाशी बोलायचं, काय शिकून घ्यायचं याची यादी त्याच सेशनमध्ये करून टाका, एकदा जॉइन झालात की या गोष्टीला निवांत वेळ मिळत नाही.