ट्रान्सफर मॅट्रिक्सची शून्यं शोधताना या चुका टाळा

स्पिनांची (सूक्ष्म चुंबकांची) साखळी सोडवायला भौतिकशास्त्रज्ञ बॅक्स्टरचं टी-क्यू समीकरण वापरतात. त्यात क्यू आणि लॅम्डा ही यू या चलाची दोन फलनं शेजारी बसतात, म्हणून पोरं दोघांची शून्यं (यूच्या ज्या किमतींना फलन शून्य होतं त्या) एकच समजतात. क्यूची शून्यं म्हणजे बेथे-मुळं, उलट्या स्पिनांइतकी. लॅम्डा ही ट्रान्सफर मॅट्रिक्सची (जिच्यातून साखळीच्या ऊर्जा निघतात तिची) आयगेनव्हॅल्यू. तिची शून्यं साखळीतल्या जागांइतकी. नुसतं मोजलं तरी घोळ कळतो. पण मोजतो कोण?

मागे मे महिन्यात, कूलर गरम वारा फेकत असताना, एक विद्यार्थी ४ स्पिनांची हायझेनबर्ग साखळी (शेजारचे स्पिनच एकमेकांवर परिणाम करतात ती) घेऊन आला. "सर, पाचच उत्तरं येऊन राहिली." अवस्था १६: एक क्विंटेट (पाचांचा गट), तीन ट्रिप्लेट (तिघांचे गट), दोन सिंग्लेट (एकेकटे). गटामागे एक, म्हणजे उत्तरं सहा हवीत. आठ दिवस त्यानं पायथनला शिव्या घातल्या. मग कोड उघडला, तर एक मुळांची जोडी ±आय/२ (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ) होती. तिथे ऊर्जेच्या सूत्रात भाजक शून्य होतो, प्रोग्राम अडतो, म्हणून गड्यानं असली मुळं गाळणारी ओळच घालून ठेवलेली! ती जोडी क्यूमध्ये घालून टी-क्यू हातानं लिहायला लावलं. गुणक कटतात आणि लॅम्डा येते २यू^४ + ३यू^२ − ३/८. शून्यं ±०.३४१ आणि ±१.२७१आय. चारही सरळ, कुठे काही फुटत नाही. (जागा विषम असल्या तर मात्र नुसती ही जोडी खोटी, ती खुशाल फेका.)

दुसरा शॉर्टकट: बहुपदी उलगडायची, सहगुणक तयार फंक्शनला द्यायचे, चहाला जायचं. विल्किन्सनच्या २० घाती बहुपदीची मुळं १ ते २० आहेत. एकच सहगुणक २^−२३ इतका हलवला की त्यातली कित्येक संमिश्र होतात. मोठ्या साखळीत अशीच नकली शून्यं निघतात आणि लोक त्यांना 'स्ट्रिंग' (संमिश्र मुळांची ठरावीक रांग) म्हणून मिरवतात. मी बहुपदी उलगडतच नाही. समीकरण आहे तसं ठेवून न्यूटनची पद्धत लावतो, ५० अंकी अचूकतेनं. वेळ लागतो, लागू द्या.

आठ-व्हर्टेक्स मॉडेलमध्ये (याच घराण्यातलं जास्त व्यापक मॉडेल) शून्यं दुहेरी आवर्ती असतात, म्हणजे दोन दिशांना ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतात. एकाच आवर्त-चौकोनात मोजा.

थेट ४० जागांपासून सुरुवात करू नका.

आणि वरच्या मांडणीत (जिथे ती अडणारी जोडी ±आय/२ येते) लॅम्डाच्या शून्यांची बेरीज शून्य यायला हवी. ती जागांची संख्या गुणिले आय/२ आली, तर दोन पेपरांतली सूत्रं एकत्र कालवली आहेत. यू कुठे सरकला ते शोधा.