किनाऱ्यावर सायकल न्यायची वेळ कॅलेंडरवरून काढा

दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याच्या वाळूवर ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल, झकास पळते. पण भरतीला पोहोचलात तर वरची भुसभुशीत वाळू तेवढी उरते आणि सायकल ढकलत न्यावी लागते. त्यावर कोळ्यांचा जुना हिशेब आहे, नेटवर्क नसलं तरी चालणारा.

१. कॅलेंडरवरच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ 6 च्या सुमारास भरती.
२. त्यात 6 तास मिळवा, ती ओहोटी.
३. ओहोटीच्या तास-दीड तास आधी, पाणी ओसरत असतानाच उतरा. चाकातली हवा थोडी कमी करा आणि पाण्यालगतचा ओला, घट्ट पट्टा धरा.

सगळ्यात सोयीचे दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे, प्रतिपदा ते तृतीया. उधाणात भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, त्यामुळे पाणी लांब मागे जातं आणि ओहोटीही सकाळी पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. अष्टमीच्या आसपास मात्र सकाळी वाळूचा नाद सोडा. त्या दिवशी आमराईतून चढून सड्यावरचा, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावरचा, जांभ्याचा कच्चा रस्ता घ्यावा, तोही काही कमी नाही.

हिशेब ढोबळ आहे, तासाभराचा फरक पडतो. त्यामुळे खाडीचं मुख कितीही उथळ दिसलं तरी पाण्यातून सायकल घालू नका. वळसा घ्या, किंवा माणसं पलीकडे नेणारी होडी (तर) असेल तर ती पकडा.

घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल घाला. त्याच संध्याकाळी.