वारशाने आलेलं वेब्ले कसं तपासावं, कसं राखावं

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सत्तरी गाठली त्या वर्षी त्यांचं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर करायचं ठरलं. बर्मिंगहॅमच्या वेब्ले अँड स्कॉट कंपनीचं, मार्क चार, बत्तीस बोर, तीन इंची नळी. १९७१ साली त्यांनी ते जुनंच विकत घेतलं होतं. त्या काळी ते गगनबावड्याहून गूळ घेऊन कोल्हापूरला शाहूपुरीत अडत्याकडे जात आणि विक्रीच्या पट्टीचे पैसे कमरेला बांधून रात्री परत येत. घाटाच्या तोंडाचा तो रस्ता तेव्हा निर्मनुष्य असे. पन्नास वर्षांत त्यांनी ते माणसावर एकदाही रोखलं नाही, पण एकाही आठवड्यात पुसायचं चुकवलं नाही.

माझ्यासारखं वारशाने जुनं रिव्हॉल्व्हर मिळालेले बरेच लोक भेटतात. कुणी ते गोदरेजच्या कपाटात कातडी म्यानासकट विसरलेलं असतं, तर कुणी हौसेने नव्यासारखं चकचकीत करून आणलेलं असतं. दोन्ही पाहून जीव कळवळतो. म्हणून आबांनी मला जे शिकवलं आणि पुढे परवानाधारक कारागिराकडे बसून मी जे पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात कागदापासून. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तो ज्याचं नाव देईल त्या वारसाला परवाना मागता येतो. परवानाधारक गेल्यानंतरही वारसाला अर्ज करता येतो. मला भावाचं संमतीपत्र, पोलिस चौकशी आणि शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागलं. या सगळ्यात एक गोष्ट स्वतः करा. फ्रेमवरचा क्रमांक भिंग घेऊन वाचा आणि परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुन्या परवान्यांवर हाताने लिहिलेला ३ आणि ८ एकसारखा दिसतो, आणि ही चूक नूतनीकरणाच्या वेळी निघाली की वर्षभर हेलपाटे होतात. तुमचा परवाना तयार होईपर्यंत शस्त्राला हात लावायचा नाही. वडिलांचं असलं तरी नाही.

आता वस्तू. हे रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की वरची पकड सुटते, नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि चांदणीच्या आकाराचा पत्रा फिरत्या सिलिंडरच्या सहाही घरांतल्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकांतल्या, पुंगळ्या एकदम वर उचलतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर याच घराण्यातलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेकडे होतं ते याच मार्क चारचं .३८ चं थोरलं भावंड. माझा परवाना झाला तेव्हा अनेकांनी सुचवलं, बाईमाणसाच्या हाताला ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर बरं. ते २०१४ साली कानपूरलाच आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं. चांगलं आहे, पण मला हलकं नको होतं. वेब्लेचं वजन मुठीत नेमकं बसतं, आणि चापावर दाब येतो तेव्हा तेच वजन हात स्थिर ठेवतं.

हातात घेतल्यावर पहिलं काम ठरलेलं. नळी मातीच्या ढिगाकडे किंवा जाड भिंतीकडे, बोट चापाच्या बाहेर, मग रिव्हॉल्व्हर मोडायचं. सहा घरं डोळ्यांनी पाहायची आणि नंतर करंगळीचं टोक प्रत्येक घरावर टेकवून मोजायची. आबा हे प्रत्येक वेळी करत, दोन मिनिटांपूर्वी स्वतःच रिकामं केलेलं असलं तरी. काडतुसं त्या खोलीतही ठेवायची नाहीत.

मग ऐकायचं. आबांचा पहिला धडा हाच होता: “बघू नकोस, डोळे मीट आणि ऐक.” रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, अंगठ्याने सावकाश मागे ओढा. सिलिंडर फिरतो, जागेवर येतो, घोडा अडकतो. चांगल्या वेब्लेत हे आवाज ठळक, कोरडे आणि प्रत्येक घराला सारखे येतात. सहांपैकी एखाद्या घराला आवाज उशिरा आला, किंवा घोडा पूर्ण मागे येऊनही सिलिंडर बोटाने थोडा पुढे ढकलावा लागला, तर आतला फिरवणारा पंजा झिजलेला आहे. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी नळीच्या तोंडाशी सरळ न येता कडेला घासते. वापरणं थांबवा.

पुढची तपासणी बोटांची. घोडा अंगठ्याने घट्ट धरून चाप दाबा, घोडा अलगद खाली सोडा, पण चाप दाबलेलाच ठेवा. आता दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी सिलिंडर हलवून पाहा. गोळी सुटते त्या क्षणी सिलिंडर ज्या स्थितीत असतो ती हीच. इथे तो घट्ट हवा. चाप सोडल्यावर थोडासा हलला तर घाबरायचं कारण नाही. सहाही घरांवर हे करा आणि वहीत लिहून ठेवा. माझ्या वेब्लेचं चौथं घर केसभर सैल आहे. आबांच्या १९८३ च्या वहीतही तसंच लिहिलेलं आहे, म्हणजे ते वाढलेलं नाही. ती वही नसती तर मला उगाच धास्ती वाटली असती.

मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं मर्म बिजागरी आणि वरची पकड या दोन ठिकाणी असतं. मिटलेल्या स्थितीत मूठ एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून वर-खाली हलवा. खटखट आवाज आला किंवा सांधा हलला तर कारागिराला दाखवा. सांधा सैल होतो तो बहुतेक वेळा एका वाईट सवयीने: मनगटाला झटका देऊन खाडकन बंद करणं. सिनेमात ते ऐटबाज दिसतं. आमच्याकडे मात्र नळी डाव्या हाताने वर आणायची आणि पकड ‘टक्’ करून बसेपर्यंत हात सोडायचा नाही, अशी शिस्त होती. पाहुण्याने एकदा झटका दिला तेव्हा आबांनी एक शब्द न बोलता त्याच्या हातातून रिव्हॉल्व्हर काढून घेतलं.

रिकाम्या घरावर घोडा आपटायचा नाही, हे वेगळं सांगते. जुन्या घोड्याचं टोक आणि पट्टीची स्प्रिंग दोन्ही थकलेले असतात, आणि बर्मिंगहॅमहून सुटा भाग मागवायची सोय आता नाही. चापाचा सराव करायचा असेल तर डमी काडतुसं घाला. आणि तो सराव करण्यासारखा आहे! पूर्ण चाप ओढून घोडा उठवायचा आणि पाडायचा, ही दुहेरी चाल नवशिक्याला जड वाटते. तर्जनीचं टोक नव्हे तर पहिल्या पेराचा सांधा चापावर ठेवला आणि एकाच गतीने, न थांबता ओढलं, की ती चाल रहाटावरून पाण्याची घागर वर यावी तशी एका लयीत येते. त्या चालीमुळेच मी या वस्तूच्या प्रेमात पडले.

नळी आतून पाहणं या घडणीत फार सोपं आहे. मोडलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीमागे पांढरा कागद धरा, उजेड त्यावर पडू द्या आणि तोंडाकडून पाहा. नळीतल्या पीळदार आट्यांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे जुन्या गंजाचे खड्डे. थोडे असले तर चालतात. शिशाची चकाकती साल दिसली तर पितळी ब्रशने काढा.

खुणाही वाचून घ्या. वेब्लेचा पंख असलेल्या गोळीचा छाप फ्रेमवर किंवा मुठीवर सापडतो. नळीवर आणि सिलिंडरवर बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे शिक्के असतात. शस्त्रांची चाचणी करणारी ही संस्था १८१३ पासूनची. मुकुटाखाली ‘बीएनपी’ अशी रोमन अक्षरं असली तर ती चाचणी १९५४ किंवा त्यानंतरची. माझ्यावर ती आहेत, म्हणून वस्तूचं वय अंदाजाने कळलं.

काडतुसांबद्दल नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर हात जाऊ शकतो. या रिव्हॉल्व्हरला लागतं ते बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं काडतूस, सौम्य दाबाचं. आपल्याकडे ते बहुधा ‘केएफ’ ठशाचं मिळतं, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. पिस्तुलाचंही बत्तीस बोर असतं, पण ते काडतूस वेगळं. पिस्तुलाचं लांबीला आखूड, सतरा मिलिमीटरच्या पुंगळीचं, तर आपलं तेवीस मिलिमीटरचं. घात असा की आखूड काडतूस आपल्या घरात बसतं. त्याचा दाब मात्र बराच जास्त असतो आणि ते या सांध्यासाठी नाही. दुकानदाराने खोका पुढे केला तरी लेबल स्वतः वाचा आणि एक काडतूस जुन्याशेजारी उभं करून उंची पाहा. आबा सहाऐवजी पाचच भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. मीही तेच करते. शिवाय वीस-पंचवीस वर्षं म्यानाच्या पट्ट्यात राहिलेली, हिरवी पडलेली काडतुसं वापरायची नाहीत. ती परवानाधारक दुकानात नेऊन विचारा.

ती हिरवी का पडतात? आबांचं म्यान कोल्हापुरी कारागिराने शिवलेलं, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचं. चपलेला उत्तम, पण हे कातडं पावसाळ्यात ओल धरून ठेवतं आणि त्यातल्या आम्लाने पितळ हिरवं पडतं, पोलाद गंजतं. म्यान कितीही देखणं असो, ते भिंतीवर टांगा. रिव्हॉल्व्हर कोरड्या सुती कापडात, कुलपाच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. काडतुसं दुसऱ्या कुलपात. आमच्याकडे जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा पाझरतात, म्हणून मी पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर सुकवते.

तेल थोडं. आबांच्या तोंडी ‘रंगून ऑइल’ असे, आता बंदुकीचं कुठलंही चांगलं पातळ तेल चालतं, आणि अडल्यास शिलाई मशीनचं. खोबरेल कधीही नको. थंडीत ते गोठतं आणि काही महिन्यांत आतल्या भागांवर चिकट राप धरतं. रॉकेलने धुतलं तर नंतर लगेच कोरडं पुसून तेलाचा हात द्या. नळीत ब्रश मागून घाला, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. पुसायला आबांच्या जुन्या धोतराच्या चिंध्यांसारखं दुसरं काही मला सापडलं नाही.

निळसर काळा रंग उडालेला दिसला की लोकांना तो परत चढवावासा वाटतो. कृपा करून तसं करू नका. त्यासाठी आधी पोलाद घासावं लागतं, कडा गोल होतात, शिक्के पुसट होतात. माझ्या वेब्लेच्या मुठीमागची पट्टी उजळ झाली आहे, कारण तिथे पन्नास वर्षं आबांचा तळवा होता. नळीच्या तोंडाशी डाव्या अंगाला रंग गेलाय, तो म्यानातून काढताना. ती जागा झाकायला मला कुणी पैसे दिले तरी नकोत. स्क्रूंनाही घरातला पेचकस लावू नका. त्याचं टोक निमुळतं असतं, घसरतं आणि खाचेचा चुरा करतं. आत काही बिघडलं तर परवानाधारक कारागीर, आणि दुरुस्तीला देतानाची पावती.

निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला तर द्यायच्या आधी रिकामं करून तेल लावा, मेणकागदात गुंडाळा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि पावतीवर क्रमांक वाचून घ्या. एकदा पावसाळ्यानंतर माझं परत आलं तेव्हा मुठीच्या कडेला तांबूस रेघ होती. त्याच संध्याकाळी तेलात भिजवलेल्या कापडाने ती निघाली. आठवडाभर थांबले असते तर खड्डा पडला असता.

राहता राहिली खंडेनवमी. आमच्याकडे विळा, कोयता, नांगराचा फाळ आणि आबांचं वेब्ले एकाच पाटावर मांडतात. पूर्वी आई ओल्या बोटाने हळदकुंकू थेट फ्रेमवर लावी, आणि आबा ते पुसत बसत. कुंकवाच्या पाण्याने रंगावर डाग पडतो. मग त्यांनीच तोडगा काढला. आदल्या रात्री रिकामं करून, मोडून, सहाही घरं सगळ्यांना दाखवायची. पाटावर कोरडा रुमाल, त्यावर उघडंच ठेवलेलं रिव्हॉल्व्हर, आणि बाजूला विड्याचं पान. हळदकुंकू आणि फूल पानावर वाहायचं. हवेत बार काढायची हौस आमच्या घरात कधीच नव्हती. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर तो दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाखापर्यंत दंडाचा, किंवा दोन्हींचा गुन्हा आहे.

आरती झाली की आबा अजूनही हात पुढे करतात. मी उघडंच त्यांच्या तळव्यावर ठेवते. ते करंगळीने सहा घरं मोजतात आणि मला परत देतात.